७.५ किलोवॅटची मोटर, सी२० एमसीबी (२० अँपिअरचा सर्किट ब्रेकर) मधूनच पडतो. ३२ चा टाकू का?

पॅनेल_नवखा:
नमस्कार मंडळी. मशीनचं पॅनेल पहिल्यांदाच स्वतः डिझाइन करतोय. सप्लाय ४०० व्होल्ट, मोटर ७.५ किलोवॅट, डीओएल (थेट सप्लायवर सुरू होणारी), नेमप्लेटवर १५ अँपिअर. सी२० एमसीबी, पुढे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), थर्मल रिले (ओव्हरलोडला मोटर बंद करणारा) आणि अडीच स्क्वेअरची (चौ. मिमी) पीव्हीसी वायर. चार्टमध्ये अडीचला २४ अँपिअर दिसले म्हणून ती घेतली. मोटर सुरू करताना एमसीबी कधी धरतो, कधी पडतो. नंतर रिलेही पडायला लागला, म्हणून तो १८ वर नेला. सीनियर म्हणतात, ३२ चा एमसीबी टाक आणि मोकळा हो. टाकू का? दार बंद असताना पॅनेलच्या आत ५० अंश होतात. या वायरी आणखी तीन मोटरींच्या वायरींबरोबर एकाच डक्टमधून जातात आणि चारही मोटरी एकदम चालतात.

मेंटेनन्सवाला:
डी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा) २० टाका, स्टार्टिंगला पडणार नाही.

टेस्टबेंच:
डी कर्व्हने पडणं थांबेल, पण वायरीचा प्रश्न तसाच राहील. आधी तोच बघू, कारण खरा धोका तिथे आहे.

चार्टमधले २४ अँपिअर ३० अंशांना आणि दोनच लोडेड (करंट वाहणारे) कंडक्टर धरून असतात. तुमच्या मोटरीला तीन फेज आहेत आणि पॅनेल तापलेलं आहे. मशीनच्या विद्युत सुरक्षेचं मानक आयईसी ६०२०४-१, त्याचा तक्ता उघडा. तो ४० अंशांवर बेतलेला आहे. डक्टमधल्या अडीच स्क्वेअरला तिथे १८.३ अँपिअर मिळतात. ५० अंशांसाठी ०.८२ ने गुणा, उरले १५. एका डक्टमध्ये चार लोडेड सर्किट, म्हणून आणखी ०.६५ ने गुणा. हातात येतात पावणेदहा अँपिअर, आणि तुम्ही त्यातून १५ नेताय. वायर आज जळणार नाही. इन्सुलेशन महिनोन्महिने कडक होत जाईल आणि एक दिवस डक्टमध्येच शॉर्ट होईल. चार स्क्वेअर घेतली तरी १२.८ वर अडकता. सहाला ३१ × ०.८२ × ०.६५ म्हणजे साडेसोळा, ती चालेल. अर्थिंगची वायरही मग सहाचीच. डक्ट वेगळा केलात तर ०.६५ ने गुणावं लागत नाही आणि चार स्क्वेअरमध्ये काम भागतं. जागा असेल तर मी तेच करेन.

आता एमसीबी. सी कर्व्ह पाच ते दहा पटींच्या मध्ये कुठेही झटक्यात पडतो, म्हणजे सी२० साठी १०० ते २०० अँपिअर. मोटरीचा स्टार्टिंग करंट सातपट धरला तर १०५. तो नेमका त्या पट्ट्यात बसतो, त्यात पहिल्या क्षणाचा उसळा वेगळाच. म्हणून कधी पडतो, कधी धरतो.

३२ टाकणं हा काही गुन्हा नाही. मोटर सर्किटमध्ये ओव्हरलोड रिले बघतो आणि एमसीबी फक्त शॉर्ट सर्किटसाठी राहतो, ही मान्य पद्धत आहे. पण तेव्हा वायरीची सगळी भिस्त रिलेवर असते, आणि तुमचा रिले १८ वर आहे! तो आधी १५ वर आणा. पडला तर का पडतो ते शोधा: टोंग टेस्टरने (वायरीभोवती लावायचा करंट-मीटर) तिन्ही फेज मोजा, असमतोल बघा, मोटर वेग घ्यायला किती सेकंद लावते ते बघा. क्लास १० चा रिले ७.२ पट करंटला जास्तीत जास्त १० सेकंद धरतो. जड फ्लायव्हील असेल तर क्लास २० लागेल.

मला विचाराल तर एमसीबी आणि रिले दोन्ही काढून १३–१८ रेंजचा एमपीसीबी (मोटरीसाठीचा, ओव्हरलोड आणि शॉर्ट दोन्ही बघणारा ब्रेकर) लावा आणि १५ वर सेट करा. त्याचा मॅग्नेटिक (झटक्याचा) ट्रिप रेंजच्या वरच्या टोकाच्या, १८ च्या, साधारण १३ पटींवर असतो, म्हणजे २३० च्या आसपास. स्टार्टिंग निवांत पार पडेल.

पॅनेल_नवखा:
धन्यवाद सर, सहा स्क्वेअर काढतो. शॉर्ट सर्किटसाठी वायर तपासायची कशी? पॅनेलपाशी फॉल्ट करंट ६ किलोअँपिअर दिलाय.

टेस्टबेंच:
पीव्हीसी तांब्यासाठी ११५ चा वर्ग गुणिले क्षेत्रफळाचा वर्ग. अडीच स्क्वेअर सुमारे ८२,६०० अँपिअर-वर्ग-सेकंद सोसते, सहा सुमारे ४,७६,०००. ६ किलोअँपिअर १० मिलिसेकंद वाहिला तर ३,६०,००० होतात. म्हणजे अडीच गेली असती. प्रत्यक्षात करंट-लिमिटिंग ब्रेकर याहून बरंच कमी सोडतो, पण तो आकडा कॅटलॉगमधल्या लेट-थ्रू (ब्रेकर तुटेपर्यंत किती सोडतो त्याच्या) वक्रावरूनच घ्या, अंदाजाने नको.

स्क्रूड्रायव्हर:
२४ व्होल्टची बाजूही तपासा. एसएमपीएस (२४ व्होल्टचा पॉवर सप्लाय) केवढा?

पॅनेल_नवखा:
१० अँपिअर. सेन्सरकडे ०.७५ स्क्वेअर, २० मीटर, सी६ एमसीबीवर.

टेस्टबेंच:
बरं झालं विचारलंत. जाऊन-येऊन ४० मीटर म्हणजे वायरीचाच रेझिस्टन्स ०.९३ ओहम. टोकाला शॉर्ट झालं तरी २५-२६ अँपिअरच्या वर जाणार नाही, आणि एसएमपीएस त्याच्या आधीच व्होल्टेज सोडून देईल. सी६ ला झटक्यात पडायला किमान ३० हवेत, डीसीवर त्याहून जास्त. म्हणजे एमसीबी तसाच उभा राहील आणि पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) बंद पडेल. चॅनेलवार इलेक्ट्रॉनिक प्रोटेक्शन मॉड्यूल घ्या. सेन्सरला २ अँपिअरचा चॅनेल पुरे, आणि पीएलसीचा चॅनेल वेगळा ठेवा.