स्कॉलर आणि स्कोपसचा एच-इंडेक्स जुळत नाही, कोणता धरायचा?

प्रश्न: इम्युनॉलॉजीतल्या एका प्राध्यापकांच्या संशोधनाचा आढावा लिहायचाय. गुगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ४१, स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसवर ३२. खरा कुठला?

उत्तर १: दोन्ही खरे. एच-इंडेक्स ४१ म्हणजे ४१ पेपरना प्रत्येकी किमान ४१ सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखनात आलेले उल्लेख. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधी टाकलेले पेपर) यांतलेही उल्लेख मोजतो, स्कोपस फक्त स्वतःच्या यादीतले. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहाच.

त्याआधी स्कोपसवर नाव फुटलंय का ते तपासा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी लागतं, कधी गळतं. मग ‘जोशी ए.’ आणि ‘जोशी ए. व्ही.’ असे दोन लेखक तयार होतात. दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करायची विनंती पाठवा, ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख पटवणारा) १६ अंकी क्रमांक जोडा. स्कॉलरवर उलटा घोळ होतो: नामसाधर्म्यामुळे परक्याचे पेपर घुसतात. ते हाताने काढावे लागतात.

उत्तर २: रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख, वेगळे काढा, हे फार महत्त्वाचं. ओसाकाचे इम्युनॉलॉजिस्ट शिझुओ आकिरा बघा. जिवाणूंचा डीएनए टीएलआर-९ हा रोगप्रतिकार पेशींमधला रिसेप्टर ओळखतो, हा त्यांच्या गटाचा २००० सालचा ‘नेचर’ जर्नलमधला मूळ शोध; २००६ चा ‘सेल’ जर्नलमधला लेख मात्र रिव्ह्यू. सायटेशन दोन्हींना भरपूर, पण शोधाचं श्रेय पहिल्यालाच.

उत्तर ३: मायक्रोबायॉलॉजीतल्या कुणाशी तुलना करायची असेल तर एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) घ्या. तो विषय, वर्ष आणि लेखप्रकार जुळवून काढतात. १ म्हणजे जागतिक सरासरी. पेपर मोजकेच असतील तर एकच गाजलेला लेख तो फुगवतो.