शिवराईवर पुन्हा पुन्हा हिरवं येतंय, मदत हवी आहे

दमडी
दुदांडी प्रकारची शिवराई आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं तांब्याचं नाणं. हिरवं काढलं की काही दिवसांत त्याच जागी परत येतं. आता 'छत्र'च्या 'त्र'पाशी खड्डा पडायला लागलाय. रविवारी मंडळाच्या प्रदर्शनात मांडायची आहे, तेव्हा लवकर सांगा. 'जाणकाराला दाखवा' हा सल्ला नको, आमच्या तालुक्यात कुणी नाही.

तांबट
हिरवं म्हणजे कसलं? गडद, गुळगुळीत, नखाने न निघणारं असेल तर तो पाटिना, म्हणजे जुन्या तांब्यावर आपोआप बसलेला थर. त्याला हात लावू नका. चिकट, तेलकट थर असेल तर तो पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) पाकिटाचा प्रताप, अ‍ॅसिटोनने जातो. फिकट पोपटी आणि खडूसारखं भुरभुरीत असेल तर मात्र काळजीचं आहे. नाणं ठेवता कशात? आणि हिरवं काढता कशाने?

पितळी डबा
एवढी चौकशी कशाला? चिंच-मीठ लावा, पाच मिनिटं ठेवा, राखेने घासा. देवघरातली भांडी अशीच लखलखतात.

तांबट
भांडं दर आठवड्याला घासायचं असतं, नाणं नाही. शिवराईची अक्षरं आधीच झिजलेली. राखेने उरलीसुरलीही जातील. चकचकीत केलेल्या जुन्या तांब्याच्या नाण्याला जाणता संग्राहक हात लावत नाही.

दमडी
पोपटी, भुरभुरीत. प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये असते. लिंबू-मिठानेच काढतो, सगळे तसंच करतात ना? मुद्द्याचं बोला.

मोलॅरिटी
हाच मुद्दा आहे. मिठातलं क्लोराईड तांब्यात शिरतं आणि क्युप्रस क्लोराईड होऊन खड्ड्याच्या तळाशी बसतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची पोपटी पूड होते, सोबत आम्ल सुटतं, ते आतलं तांबं खातं आणि पुन्हा क्लोराईड बनतं. म्हणून वरची पूड काढून भागत नाही. त्यात अल्बम पीव्हीसीचा असेल तर तोही आम्ल सोडतो.

उपाय सोडियम सेस्क्विकार्बोनेट, म्हणजे दोन सोड्यांचं मिश्रण, ते क्लोराईड बाहेर काढतं. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात धुण्याचा सोडा २३ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १९ ग्रॅम घाला, साधारण ५ टक्के द्रावण होतं. धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर ६३ ग्रॅम घ्या, कारण खड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. आधी पूड लाकडी टूथपिकने कोरडीच काढा. मग नाणं काचेच्या बरणीत बुडवून ठेवा आणि आठवड्याला द्रावण बदला. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराईड असतं.

दमडी
आठवड्याला?? रविवार म्हटलं ना मी.

भुईकोट
सेस्क्विकार्बोनेट सरसकट सुचवू नका. महिनोन्‌महिने ठेवलं तर पाटिना उतरतो, कधी वर निळसर थर धरतो. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवणं बरं.

मोलॅरिटी
नुसत्या पाण्याने वरवरचे क्षार निघतात. क्युप्रस क्लोराईड पाण्यात जेमतेम विरघळतं. खड्डा पडलेल्या नाण्याला ते पुरणार नाही. पाटिना उतरतो हे मान्य, म्हणून रंगावर लक्ष ठेवायचं. क्लोराईड संपलं का हे पाहायला काढलेल्या द्रावणाचा थोडा नमुना घ्या, फसफस थांबून आम्लधर्मी होईपर्यंत नायट्रिक आम्ल घाला, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुधाळ झालं तर अजून बाकी आहे.

दगडधोंडा
विषय निघालाच आहे तर, गडाखालच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवला तर शिवराया सापडतात का? कोणता घ्यावा?

भुईकोट
वेगळा धागा काढा, पण आधी हे वाचा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत खणणं प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे. बाहेर जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. शेत स्वतःचं असलं तरी.

पितळी डबा
कलेक्टरला दहा रुपयांसाठी!

तांबट
दमडी, रविवारपुरतं सांगतो. पूड कोरडी काढा, नाणं अ‍ॅसिटोनमध्ये तासभर बुडवून वाळवा (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल-सुगंध असतो, आणि जवळ गॅस, उदबत्ती काही नको). अल्बममधून कायमचं बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डबीत सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा आणि डबीसकटच मांडा. डबीतल्या हवेतला ओलावा (सापेक्ष आर्द्रता) ४० टक्क्यांच्या खाली राहिला तर पूड थांबते. हातात द्यायचं नाही. भिजवणं सोमवारपासून.

मोलॅरिटी
आणि इतर नाण्यांपासून लांब. क्लोराईड निघाल्यावर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन वाळवा, मग बेन्झोट्रायझोल (तांब्याचं गंजणं रोखणारं रसायन) ३ टक्के, अल्कोहोलमध्ये, २४ तास. हातमोजे घालून, कारण विषारी आहे. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

तांबट
मेण पुरे. घरात बेन्झोट्रायझोल कशाला आणायला सांगता?

मोलॅरिटी
मेण ओलावा उशिरा पोचवतं, थांबवत नाही. कोकणातला पावसाळा असेल तर नुसतं मेण टिकायचं नाही. दमडी, गाव कुठलं तुमचं?

दमडी
मालवण. सिलिका जेल चपलांच्या खोक्यातलं चालेल का?

तांबट
ते आधीच ओलावा पिऊन बसलेलं असतं. रंग बदलणारं विकत घ्या.

नवाकोरा
शिवराईला आज काय भाव मिळतो?