समुद्रतळावरील युद्धकालीन विमाने नेमकी कशी सापडतात?

प्रश्न: प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांजवळ दुसऱ्या महायुद्धात कोसळलेली अमेरिकन विमाने सोनारने (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राने) शोधतात, असे वाचले. प्रवाळाच्या खडकांत विमान ओळखता कसे येते? चुंबकमापक अधिक सोपा नाही का?

पहिले उत्तर: चुंबकमापकाची अडचण अशी, की विमानाचा सांगाडा प्रामुख्याने ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला चुंबकत्व नसते, प्रतिसाद मिळतो तो इंजिन आणि तोफांमधील पोलादाचा. म्हणून साइडस्कॅन सोनार मुख्य ठरतो. तो दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडतो, कठीण वस्तूवरून ठळक प्रतिध्वनी येतो आणि तिच्यामागे ध्वनी न पोहोचल्याने काळी सावली उमटते. प्रवाळही ठळकच दिसतो (पहिल्या नजरेत भलेभले फसतात), पण पंखाची सरळ कड निसर्गात सहसा आढळत नाही. अर्थात, आदळताना विमान फुटलेले असेल तर कडही मिळत नाही. मग पाणबुडे किंवा कॅमेरा उतरवूनच खात्री करावी लागते.

दुसरे उत्तर: सापडणे हा निम्माच भाग आहे. 1940 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स या समुद्रातील वाळूच्या पट्ट्यावर पडलेले जर्मन डॉर्निअर 17 हे विमान जून 2013 मध्ये वर काढले, तेव्हा धातूत मुरलेले क्षार निघावेत म्हणून त्यावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारत राहावे लागले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ॲल्युमिनियमचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.