उद्योग-राजकारणाच्या कपाटात कोणती बारा पुस्तकं ठेवावीत? (अनुभव धागा)

मंडळी, आपल्या तालुक्याच्या वाचनालयात कादंबऱ्यांची तीन कपाटं गच्च भरलेली आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना टेबल पुरत नाही. उद्योग आणि राजकारणाला मात्र अर्धा कप्पा, आणि त्यातही निम्मे गौरवग्रंथ, म्हणजे हारतुऱ्यांचे फोटो. यंदा या विषयाची बारा पुस्तकं घ्यायची आहेत. कथा-कादंबरी नको. लिहिताना एवढं सांगा: पुस्तकातून नेमकं काय कळतं, कोणता भाग आधी वाचावा आणि वाचणाऱ्याची फसगत कुठे होते. 'छान आहे, जरूर वाचा' एवढ्यावर खरेदी करता येत नाही.
(ग्रंथपाल, यवतमाळ जिल्हा)

जिनिंगमधला ग्रेडर, वणी भाग

कापसापासून सुरुवात करा. लक्ष्मण सत्य यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) इंग्रजीत आहे, अभ्यासकी आहे, पण वऱ्हाडावर याच्या तोडीचं दुसरं नाही. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली आणि मँचेस्टरला इथल्या रुईची गरज पडली. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. ज्वारीची शेतं, गुरचराई आणि जंगल कापसाखाली गेलं, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसं मेली. हा सगळा धागा त्यात जमीन महसुलाच्या आकड्यांसह आहे. आधी रेल्वे आणि बाजारपेठेचा भाग वाचा, महसूल पद्धतीचा नंतर. उलट केलं तर वाचणारा पन्नासाव्या पानावर पुस्तक परत करतो.

आकड्यांत फसगत होते ती मापांमुळे. जुन्या नोंदींत पौंड येतात. रुईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६२ किलो. आजची गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी आणि घट. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस आणि एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल. बाजारातला रुईचा भाव खंडीचा असतो आणि शेतकऱ्याच्या हातातला भाव क्विंटल कापसाचा. हे गणित पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा, नाहीतर दोन भावांची तुलना हमखास चुकते. सरकीचे पैसे वेगळे धरायला विसरू नका. जिनिंगचा नफा-तोटा पुष्कळदा तिथेच ठरतो.

जोडीला हॅमिश मॅकडोनाल्ड यांचं 'अंबानी अँड सन्स' (२०१०). कापूसवाल्यांनी पॉलिस्टरचं पुस्तक वाचावं असं माझं स्पष्ट मत आहे. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली. पीटीए आणि डीएमटी या दोन कच्च्या मालांवरून रिलायन्स आणि बॉम्बे डाइंगची जी झुंज झाली, तिच्यात आयात यादीतला एक बदल म्हणजे काय हे कळतं. त्यांचं १९९८ चं 'पॉलिस्टर प्रिन्स' तेव्हा भारतात विक्रीलाच आलं नव्हतं. झेरॉक्स प्रती फिरतात, त्या विकत घेऊ नका.

पतसंस्थांचं लेखापरीक्षण करणारा, वर्धा जिल्हा

देबाशिष बसू आणि सुचेता दलाल यांचं १९९२ च्या रोखे घोटाळ्यावरचं 'द स्कॅम' घ्याच. पहिली आवृत्ती १९९३ ची, नंतरच्या आवृत्तीत भर आहे, म्हणून नवीच मागवा. लोक ते शेअरदलाल हर्षद मेहताच्या गाडी-बंगल्यासाठी वाचतात. खरा गाभा 'बँक रिसीट' समजण्यात आहे.

एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकले, पण रोखे हातात न देता पावती दिली: 'तुमचे रोखे आमच्याकडे ठेवलेले आहेत.' ही बँक रिसीट. रेडी फॉरवर्ड म्हणजे आज विकायचे आणि पंधरा दिवसांनी ठरल्या भावाने परत घ्यायचे, म्हणजे रोख्याच्या नावाखाली उसनवारीच. मधे दलाल उभा. धनादेश बँकेच्या नावाचा, पण पैसा दलालाच्या खात्यात. पुढे बँक ऑफ कराड आणि मेट्रोपोलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन छोट्या बँकांनी मागे रोखे नसलेल्या पावत्या दिल्या आणि त्यांवर पैसा उचलला गेला.

आपल्याकडच्या माणसाला हे गोदाम पावतीवरून लगेच समजतं. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, तूर ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, ६ टक्क्यांनी. गोदामात पोतीच नसतील आणि पावती मात्र खरी दिसत असेल, तर जे होईल तेच १९९२ मध्ये रोख्यांचं झालं. वाचन गटात ते प्रकरण घेताना आधी फळ्यावर तीन चौकोन काढा: विकणारी बँक, दलाल, घेणारी बँक. पैशाचा बाण एका रंगाने, कागदाचा दुसऱ्या रंगाने. दोन्ही बाण एकाच चौकोनात पोचत नाहीत तिथे गडबड.

विवेक कौल यांचं 'बॅड मनी' (२०२०) थकीत कर्जांवर आहे, भाषा सोपी. नव्वद दिवसांचा थकबाकीचा नियम (हप्ता त्याहून जास्त थकला की कर्ज थकीत) आणि जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज देण्याची पद्धत त्यात नीट कळते. ते वाचून आपल्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. नफा शेवटी पाहा, आधी 'येणे व्याज' (हिशेबात धरलेलं पण हाती न आलेलं) आणि 'तरतूद' (बुडीत कर्जांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम) हे दोन आकडे. येणे व्याज दरवर्षी फुगतंय आणि तरतूद जागच्या जागी, तर नफा कागदावरचा आहे.

राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, पुसद

१९९१ च्या आर्थिक सुधारणांवर एकच पुस्तक घेऊ नका, दोन घ्या आणि एकत्र द्या. जयराम रमेश यांचं 'टू द ब्रिंक अँड बॅक' (२०१५) आणि विनय सीतापती यांचं 'हाफ लायन' (२०१६). रमेश तेव्हा काही महिने पंतप्रधान कार्यालयात होते, त्यांच्या पुस्तकात मूळ कागदपत्रं भरपूर. सीतापतींना तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह रावांचे खासगी कागद पाहायला मिळाले. विदर्भातल्या वाचकाला रावांचं वेगळं अप्रूप असायला हवं. १९८४ मध्ये ते हनमकोंड्यात पडले आणि रामटेकमधून लोकसभेत गेले, १९८९ मध्येही रामटेकच. तरी आपल्याकडे त्यांच्याबद्दल दोन वाक्यांपलीकडे कोणी बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

वाचायची पद्धत अशी: १ ते २४ जुलै १९९१ हे चोवीस दिवस घ्या. १ आणि ३ तारखेला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन, त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशी तारण, २४ ला आधी उद्योग धोरण आणि मग अर्थसंकल्प. प्रत्येक तारखेला दोन्ही पुस्तकं कोणाचं नाव पुढे करतात ते समोरासमोर लिहा. उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं, हे लक्षात घेतलं की परवाना पद्धत मोडण्याचं श्रेय अर्थमंत्र्यांइतकंच त्यांच्याकडे जातं. मे महिन्यात विकलेलं २० टन सोनं मात्र आधीच्या, चंद्रशेखर सरकारच्या काळातलं. चर्चेत हे दोन व्यवहार नेहमी एकमेकांत मिसळतात.

आत्मचरित्रांबद्दल. यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' सुंदर आहे, पण ते १९४६ शी थांबतं. मुख्यमंत्री यशवंतराव त्यात शोधू नका. शरद पवारांचं 'लोक माझे सांगाती' घ्यायचं तर २०२३ ची वाढवलेली आवृत्ती घ्या. १९९१ च्या जूनमध्ये पंतप्रधानपदाच्या शर्यतीत काय झालं, हे त्यात एक आणि सीतापतींकडे दुसरं. तीच पानं एकामागोमाग एक वाचा.

आणि सूची! मराठी राजकीय पुस्तकांना शेवटी व्यक्तिनामसूची नसते, हा मोठा दोष आहे. सूची नाही तर पुस्तक संदर्भाला निरुपयोगी. शाळकरी मुलांच्या हातून तीस-चाळीस नावांची हस्तलिखित सूची करून मागे चिकटवता येते, प्रत्येक नावापुढे पानांचे आकडे. चार दुपारी लागतात.

शेतकरी, दर्यापूर तालुका

सारे जन शहरातल्याच उद्योगाचं सांगून राह्यले. शेती उद्योग नाही काय जी? भानू काळ्यांचं 'अंगारवाटा' घ्या. शरद जोशींचं चरित्र हाये, जाड हाये, पण आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीचा हिशेब ज्या पानांवर हाये ते पयले वाचा. पिकाचा खर्च मांडताना घरच्या माणसाची मजुरी धरा लागते, बैलाचा चारा धरा लागते, जमिनीचं व्याज धरा लागते. मंग समजते 'भीक नको, हवे घामाचे दाम' काहून म्हटलं ते.

वाद घालाचा असंन तर कापूस एकाधिकारावर घाला. १९७२ ले योजना आली. सरकारच एकटं घेणारं. भाव पडले का आधार होता, हे खरं. पण बाहेर भाव चढला का कापूस रातोरात आदिलाबादकडे जाये, अन् इकडं चुकारे हप्त्या-हप्त्यानं. दोन्ही बाजू एकाच पुस्तकात भेटत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या गडीमाणसाले गटात बसवा.

फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) बी ठेवा. एकट्यानं वाचलं तर जुनी भाषा अडते, मोठ्यानं वाचलं तर अडत नाही.

निवृत्त विस्तार अधिकारी, चंद्रपूर जिल्हा

एक दुरुस्ती, कारण ही चूक फार पसरली आहे. पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' विदर्भावरचं पुस्तक म्हणून सुचवलं जातं. ते तसं नाही. १९९६ चं ते मूळ इंग्रजी पुस्तक कालाहांडी, पलामू, सरगुजा, रामनाड अशा जिल्ह्यांवर आहे. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचं त्यांचं लेखन नंतरचं, वर्तमानपत्रातलं. पुस्तक अवश्य घ्या, पण योजना कागदावरून गावात उतरताना कुठे गळते हे शिकण्यासाठी. वृत्तांत छोटे आहेत, एक वीस मिनिटांत मोठ्याने वाचून होतो.

विदर्भाच्या प्रश्नावर भाषणांचे संग्रह घेण्यापेक्षा दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल मिळवा. अनुशेष हा शब्द सगळे वापरतात, तो मोजला कसा हे थोड्यांना ठाऊक असतं. रस्ते, सिंचन, शाळा अशा प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढली, जो जिल्हा तिच्या खाली त्याची तूट मोजली आणि ती भरायला किती पैसा लागेल ते लावलं. एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या वर निघाला. विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ च्या जवळ, आणि उर्वरित महाराष्ट्राचाही ३७. हा शेवटचा आकडा सांगितला की सभेत शांतता पसरते, पण सांगितलाच पाहिजे.

बाबासाहेबांचं 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' (१९५५) शासनाच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात आहे. महाराष्ट्राची चार राज्यं करावीत असं त्यांनी मांडलं होतं, आपला भाग त्यात पूर्व महाराष्ट्र. वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा असो की विरोधातला, त्याने आधी हे वाचावं.

दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या ताई, भंडारा जिल्हा

वर्गीस कुरियन यांचं 'माझंही एक स्वप्न होतं'. गावची संस्था, जिल्हा संघ, राज्य महासंघ ही तीन पायऱ्यांची आणंद पद्धत यातून समजते. रोज मोजमाप, फॅट पाहून दर, आणि पैसे ठरल्या वेळी. यातली एक कडी तुटली की संस्था तुटते. पुस्तक त्यांच्या नजरेतून आहे, खेडा दूध संघाचे संस्थापक त्रिभुवनदास पटेलांचं काम त्यामागे किती मोठं होतं हे वाचताना लक्षात ठेवा.

ग्रंथपाल (धागाकर्ते)

आभार. गिरीश कुबेरांचं 'टाटायन' (२०१५) वाचनालयात आहे, नागपूरच्या एम्प्रेस मिलची पानं त्यात दुमडलेली सापडतात. ती गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली.

रामचंद्र गुहांच्या 'गांधीनंतरचा भारत'बद्दल विचारणा होती. असले नऊशे पानी गोंदाने चिकटवलेले ग्रंथ आपल्या मे महिन्यात टिकत नाहीत. गोंद वाळून तडकतो, आधी मधली पानं सुटतात. बाइंडरने कडेने भोकं पाडून शिवलं तर आतला समास जातो आणि ओळींची टोकं दिसत नाहीत. मूळ पुस्तक पाच भागांत आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी फोडून दोन खंड बांधून घेतले की पाठीवरचा ताण निम्मा होतो. हिंदीत ते दोन खंडांतच मिळतं, आणि आपल्याकडे हिंदी वाचणारे कमी नाहीत.

मांडणी (ड्यूई वर्गांक): राजकारण ३२०, निवडणुका ३२४, बँका आणि पैसा ३३२, उद्योग ३३८. चरित्रं ९२० मध्ये लोटू नका. कुरियन ३३८ शेजारी असले तरच दूधवाल्याच्या हाती लागतात.

न्यायालयात टंकलेखन करणारा, गोंदिया जिल्हा

मिलन वैष्णव यांचं 'व्हेन क्राइम पेज' (२०१७) राहिलं. गुन्हे नावावर असलेले उमेदवार का निवडून येतात याचा शोध त्यांनी उमेदवारांच्या शपथपत्रांवरून घेतला आहे. पक्षाला स्वतःचा खर्च उचलणारा उमेदवार हवा असतो, आणि सरकारी कचेरीत काम अडलेल्या मतदाराला ते करून देणारा माणूस, हा त्यांचा मुद्दा.

ते वाचून आपल्या मतदारसंघातले नमुना २६, म्हणजे उमेदवारांची हीच शपथपत्रं, छापून घ्या. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न आणि मालमत्तेतली वाढ शेजारी ठेवा, सरकारी थकबाकीचा रकाना सोडू नका. गुन्ह्यांचा नुसता आकडा मोजू नका. रास्ता रोको करणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर दहा-बारा गुन्हे सहज असतात, पण ते भारतीय दंड विधानाच्या १४३ (बेकायदा जमाव), १८८ (आदेशभंग), ३४१ (वाट अडवणं) खालचे. ३०२ (खून) किंवा ४२० (फसवणूक) वेगळी गोष्ट. शिवाय गुन्हा नोंदला म्हणजे शिक्षा झाली असं नाही. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात खून १०३, फसवणूक ३१८, बेकायदा जमाव १८९. जुन्या-नव्या कलमांचा एक पानी तक्ता टाइप करून देतो, मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून घ्या.