कपाटाच्या दाराला वेताची जाळी, ढिली पडते का?

निशिगंध: आजीच्या जुन्या कपाटाच्या दाराची काच फुटली, तिथे वेताची विणलेली जाळी बसवायचीय. सुतार म्हणतो नुसते स्टेपल मारून देतो, पण महिन्याभरात झोळी व्हायची भीती वाटतेय. उरलेल्या तुकड्यातून लॅम्पशेड होईल का?

खटपट्या: कोरडी जाळी अजिबात ठोकू नका. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, ओली असतानाच बसवा, वाळताना ती आकसते आणि आपोआप ताणली जाते. दाराला मागून खाच पाडून घ्या, तीत फेविकॉल घालून जाळीची कड दाबायची आणि वरून वेताचीच पट्टी ठोकायची, स्टेपलपेक्षा हे कितीतरी पक्कं. चकचकीत बाजू बाहेर हं, ती वेताची साल असते.

कोकणी_मेवा: आणि विकत घेताना एक दोरा काढून जाळून बघा, प्लास्टिक असेल तर वितळून गोळा होतो. बरेच दुकानदार तेच खपवतात!! आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून मागच्या बाजूनेही पॉलिश मारतो, चकचकीत बाजू पॉलिश फारसं पीत नाही.

सुईदोरा: लॅम्पशेड तुकड्यातून होईल, तारेच्या रिंगवर गुंडाळा, बल्ब मात्र एलईडीच लावा. स्वतः विणायची हौस असेल तर सालीच्या आतला गोल वेत आणा, आणि एकाच वेताने गोल गोल विणणार असाल तर उभ्या काड्या विषम ठेवा, म्हणजे २१ वगैरे, नाहीतर दुसऱ्या फेरीत वरखाली जुळतच नाही.

निशिगंध: भारी! सुताराला खाचेचं सांगते, कुरकुर करेल पण करेल.