ज्येष्ठ नागरिक संघाच्या तपासणी पॅकेजमधून पीएसए काढून टाकावी का?

सांगलीकर_आबा
विषय अवघड जागेचा आहे पण बोलायलाच पाहिजे. आमच्या संघात दरवर्षी लॅबवाले येतात, एका सकाळी सगळ्यांचं रक्त घेतात, सत्तरऐंशी टेस्टचं पॅकेज, वर चहापोहे. पुरुष असाल तर त्यात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचा संशय बघायची रक्ताची टेस्ट, असतेच, ना कुणी विचारत ना सांगत. मागच्या वर्षी माझी आली 7.2, लाल अक्षरात, शेजारी नॉर्मल म्हणून 4 पर्यंत लिहिलेलं. रिपोर्ट आला रात्री साडेनऊला व्हॉट्सॅपवर, मग काय, बायको झोपल्यावर कपाटातनं एफडीच्या पावत्या काढून कुणाकुणाचं नॉमिनेशन लावलंय ते बघत बसलो. नंतर यूरॉलॉजिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, त्या आठवड्यात लघवीला जळजळ होती का? होती! इन्फेक्शन होतं, त्याने पीएसए वाढते म्हणे. गोळ्यांचा कोर्स केला, दोन महिन्यांनी परत केली तर 2.1. ते दोन महिने मला कोण परत देणार? यंदा सेक्रेटरी मी आहे, ही टेस्ट पॅकेजमधून काढावी असा ठराव मांडतोय. बोला.

भिंगरी
आबा, माफ करा पण हा ठराव म्हणजे धूर बघून घाबरलो म्हणून अलार्मच काढून टाकण्यातला प्रकार आहे. माझा मोठा भाऊ, वय 67, कंबर दुखते म्हणून वर्षभर तेल, पट्टा, फिजिओ, लघवीचा त्रास शून्य. शेवटी एमआरआय केला तर मणक्यात पसरलेला कॅन्सर आणि मूळ प्रोस्टेटमध्ये, पीएसए चारशेच्या वर. एकदाही केलेली नव्हती. तुमचे दोन महिने टेन्शनमध्ये गेले, आमच्याकडे दर महिन्याला इंजेक्शन आणि हाडांचं स्कॅन चालूय. आणि आमचं सोडा, अमेरिकेचे माजी अध्यक्ष बायडेनचं घ्या, घरात डॉक्टरांची फौज असलेला माणूस, 2014 नंतर पीएसए केली नाही आणि मे 2025 मध्ये कळलं तेव्हा हाडांत गेलेला.

सांगलीकर_आबा
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण अमेरिकेच्याच सरकारी तज्ज्ञ समितीने 2012 ला सरळ सांगितलं होतं की निरोगी माणसाची ही टेस्ट करूच नका. ती माणसं काय वेडी होती का?

जुना_एमडी
तीस वर्षं प्रॅक्टिस, पण यूरॉलॉजिस्ट नाही, आधीच सांगतो. आबा अर्धंच वाचलंय तुम्ही, त्याच समितीने 2018 ला बदललं, 55 ते 69 वयात डॉक्टरशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, सत्तरीनंतर सरसकट नको. म्हणजे बायडेनचं उदाहरणही दोन्हीकडून चालतं, 2014 ला ते सत्तरी ओलांडलेलेच होते.

आता आकडे. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात दीड लाखावर पुरुष होते, 23 वर्षांचा हिशोब 2025 मध्ये आला. तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी, म्हणजे 456 जणांना बोलावलं तर एक वाचला, आणि जे जास्तीचे कॅन्सर सापडले त्यात 12 मागे एक. उरलेल्या अकरांचा विचार करा. बऱ्याच जणांचा कॅन्सर इतका सावकाश असतो की तो अंगात घेऊन माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. पण एकदा कॅन्सर शब्द ऐकला की घरचे काढून टाका म्हणून मागे लागतात, मग लघवी गळणं, संबंध बंद होणं हे सगळं पदरात. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटचे तीन गट केले, ऑपरेशन, रेडिएशन, नुसतं लक्ष ठेवणं. 15 वर्षांनी तिन्हीकडे प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले 3 टक्क्यांच्या आसपासच.

भिंगरी
आणि तो 456 मधला एक आपल्या घरातला असेल तर? टक्केवारी तेराव्याला वाचून दाखवायची का डॉक्टर?

जुना_एमडी
तुमच्या घरात तर करायलाच हवी, त्यात वाद नाही. सख्ख्या भावाला आहे म्हणजे तुम्ही पुरुष असाल तर तुम्ही, आणि भावाचे मुलगे, पंचेचाळीसच्या आसपास डॉक्टरशी बोलायला लागा. माझा राग शिबिरावर आहे. तिथे कुणी विचारतं का, घरात कुणाला होता? लघवी जळजळते? प्रोस्टेटची गोळी चालू आहे? ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने घेतलं की पीएसए निम्म्यावर येते, म्हणजे कागदावर 3 दिसतंय ते खरं 6 असू शकतं, आणि माणूस पेढे वाटत फिरतो.

लालपरी_रिटायर्ड
एसटीत 31 वर्षं कंडक्टरकी केली, स्टँड येईपर्यंत दाबून धरण्यात आयुष्य गेलं. मी रोज गोखरूचा काढा घेतो, बायको ते व्हिटॅमिन ईचं पण देते प्रोस्टेटसाठी चांगलं म्हणून. टेस्ट नाही न काय नाही. हे सगळं लॅबवाल्यांचं पोट भरायचं काम.

जुना_एमडी
कंडक्टरसाहेब, व्हिटॅमिन ई आज बंद करा. अमेरिकेत हजारो पुरुषांना देऊन बघितलं, प्रोस्टेट कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी 17 टक्के वाढला. काढ्याबद्दल भांडत नाही, पण रात्री किती वेळा उठता?

लालपरी_रिटायर्ड
चार. पण ते वयामुळं.

सुलभाकाकू_वाई
हेच!! 'वयामुळं' हेच आमच्याकडे दोन वर्षं चाललं होतं. तुम्ही सगळे पीएसएवर भांडताय, आमच्या ह्यांना कॅन्सर नव्हताच, नुसती प्रोस्टेटची गाठ वाढलेली. रात्री पाच वेळा फ्लश, मी मोजायचे, पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब लावला पडतील म्हणून. लग्नाला गेलं की आधी बाथरूम कुठाय ते बघणार मग नवरानवरी. धार बारीक, दहा मिनिटं आत, बाहेर आले की परत लागली. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, आमचा जावई खरंच डॉक्टर आहे, म्हणूनच तर बोलले नाहीत. मागच्या दिवाळीत सर्दी झाली, घरातली सर्दीची गोळी घेतली, आणि मध्यरात्री लघवी बंदच. पोट हे एवढं टम्म, घामाने भिजलेले, पहाटे अडीचला रिक्षातनं नेलं. नळी घातली, पिशवी भरून लघवी निघाली, आणि हा माणूस लहान मुलासारखा रडला बरं वाटलं म्हणून. डॉक्टर म्हणाले सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, ह्यांना त्या विषच. नंतर दुर्बिणीतनं ऑपरेशन झालं, आता रात्री एकदाच उठतात. पॅकेज तर दरवर्षी करत होते, पीएसए नॉर्मल!

जुना_एमडी
काकूंनी मुद्द्यालाच हात घातला. वाढलेली गाठ म्हणजे कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही, आणि कॅन्सर सुरुवातीला बहुधा त्रासच देत नाही. दोन वेगळी दुखणी आहेत. धारेसाठी सात प्रश्नांचा एक साधा फॉर्म असतो, 35 मार्कांचा, मग लघवी करून झाल्यावर आत किती राहते त्याची सोनोग्राफी. हे पॅकेजमध्ये नसतं कारण त्याला माणसाशी बोलावं लागतं. आणि टॅम्सुलोसिन, म्हणजे धार मोकळी व्हायला देतात ती गोळी, चालू असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या डॉक्टरला आवर्जून सांगा, हे नव्वद टक्के लोक विसरतात (टक्केवारी माझ्या अंदाजाची).

सांगलीकर_आबा
काल मीटिंग झाली. लॅबवाला म्हणतो पीएसए काढली तरी पॅकेजचा रेट तोच. म्हणजे बघा! असो. ठराव मी बदललाय, टेस्ट राहील पण वेगळी टिक करायची, फॉर्मवर चार प्रश्न, आणि रिपोर्ट रात्री मोबाइलवर नाही, डॉक्टरच्या हातून.

भिंगरी
टिक ठेवली की निम्मे करणार नाहीत. लिहून ठेवा, मला अजूनही पटलेलं नाही.

लालपरी_रिटायर्ड
तो सात प्रश्नांचा फॉर्म मराठीत मिळतो का कुठं? मित्राला पाहिजे.

सुलभाकाकू_वाई
मित्राला म्हणे 😄 आबा, फॉर्म बायकांच्या हातात द्या, फ्लश आम्हीच मोजतो.