जिन्यातला पंखा लावला की दार उघडेना

प्रश्न: आग लागली तर जिन्यात हवा भरणारा पंखा आमच्या इमारतीत आहे. परवा चाचणीला लावला, तर वरच्या मजल्यावरच्या आजींना जिन्याचं दार ढकलवेना. आता काही जण म्हणतात, दाराला पाचर लावून ठेवा. चालेल?

उत्तर: पाचर अजिबात नको! हवा तिथूनच निसटेल, दाब कमी होईल आणि धूर जिन्यात शिरेल. सगळी दारं बंद असताना जिन्यातला दाब मजल्यापेक्षा साधारण ५० पास्कल जास्त ठेवतात. २ चौरस मीटरच्या दारावर तो १०० न्यूटन जोर झाला. बिजागऱ्या एका कडेला, त्यामुळे मुठीपाशी निम्मा, म्हणजे पाचेक किलो. वर दार आपोआप लावणाऱ्या डोअर क्लोजरचा ताण. एवढं जमायला हवं. त्याहून जड जात असेल तर आधी रिलीफ डॅम्पर बघा. जादा हवा बाहेर सोडणारी ती झडप. रंगारी तिच्या पात्यांवरूनही ब्रश फिरवतात, मग ती कसली हलतेय! पात्याला बोटाने ढकलून पाहा. क्लोजरचा स्क्रूही कोणीतरी उगाच आवळलेला असतो.

प्रश्नकर्ता: झडप खरंच चिकटलीय. पंखा गच्चीवर आहे, ते ठीक ना?

दुसरं उत्तर: धूर वरच चढतो, म्हणून हवा ओढायच्या तोंडाशी स्मोक डिटेक्टर हवा. नाहीतर पंखाच जिन्यात धूर भरेल. आणि पुढची चाचणी एक-दोन दारं उघडी ठेवूनही घ्या, माणसं उतरताना ती उघडणारच.